गडावरचे एआर अ‍ॅप गडावरच तपासले जावे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी अकरा किल्ले महाराष्ट्रातले आणि एक, जिंजी, तमिळनाडूतला. गडांवर कोणत्या सोयी असाव्यात याची चर्चा सुरू झाली की त्यात एक सूचना हमखास येते : मोबाइल समोर धरताच पडका वाडा पुन्हा उभा राहिलेला दिसेल, बंद पडलेली बाजारपेठ गजबजलेली दिसेल, असे ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीचे, म्हणजे एआरचे, अ‍ॅप तयार करावे. मला ही कल्पना मनापासून आवडते. मोबाइल अ‍ॅप माणसे कशी वापरतात आणि ती त्यांना सोयीची कशी करावीत, हा विषय मी विद्यार्थ्यांना शिकवतो आणि गड पाहायलाही जातो, त्यामुळे या दोन्हींची गाठ कुठे पडते आणि कुठे सुटते याबद्दल थोडे सविस्तर लिहावेसे वाटले.

फोनवरच्या एआरला खरी चालना 2017 मध्ये मिळाली. त्या वर्षी अ‍ॅपलने एआरकिट आणि गुगलने एआरकोअर ही साधने अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठी आणली. लोकांना ती प्रथम दिसली ती घरातल्या घरात : फर्निचर विकणाऱ्या आयकिया कंपनीच्या अ‍ॅपमधून आपल्या दिवाणखान्यात सोफा ठेवून पाहायचा, तो भिंतीशी बसतो का हे बघायचे. हा वापर यशस्वी होण्याचे कारण दिवाणखान्यातच होते. जमीन सपाट, उजेड बेताचा, चार भिंती ठरलेल्या आणि मागे सरकले तर फार तर पलंगाला पाय लागणार. त्याच्याही पूर्वी, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, बोइंग कंपनीत विमानाच्या तारांच्या जुड्या बांधणाऱ्या कामगारांसाठी हे तंत्र योजले गेले, तेव्हाही कामगार एका ठरलेल्या फळ्यासमोर उभा असणार हे गृहीत होते. गडावर यातले काहीच गृहीत धरता येत नाही आणि तरीही आपल्याकडे गडासाठी म्हणून दाखवले जाणारे नमुने बहुधा वातानुकूलित खोलीत, टेबलावर ठेवलेल्या नकाशावर मॉडेल उभे करून दाखवले जातात.

एक निरीक्षण सांगतो. विद्यार्थ्यांनी केलेला एक साधा नमुना आम्ही सिंहगडावर नेला होता. फोन समोर धरल्यावर एका पडक्या जोत्यावर दुमजली इमारत दिसावी, एवढेच त्यात होते. ज्यांच्या ज्यांच्या हातात फोन दिला, त्यांतल्या बहुतेकांनी एकच गोष्ट केली : इमारत पडद्यात मावेना म्हणून ते मागे सरकू लागले. एक पाऊल, दुसरे, तिसरे, नजर पूर्ण वेळ पडद्यावर. एक आजोबा, पायात कोल्हापुरी वहाणा, हात छातीच्या वर ताठ धरलेले, असे मागे जात राहिले आणि शेवटी मागच्या दगडाला टाच लागली तेव्हा थांबले. तिथे जागा मोकळी होती आणि विद्यार्थी दोन्ही बाजूंना उभे होते, म्हणून काळजी नव्हती. पण हेच रायगडाच्या टकमक टोकाजवळ किंवा राजगडाच्या माचीवरच्या अरुंद वाटेवर झाले तर काय, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मोठी वस्तू दाखवली की माणूस मागे सरकतो. हा त्याचा निष्काळजीपणा नव्हे. त्याच्या शरीराची ती साहजिक हालचाल आहे, आणि ती लक्षात घेऊनच पडद्यावर काय, किती मोठे आणि कुठून दाखवायचे हे ठरवावे लागते. «सावध राहा, आजूबाजूला लक्ष द्या» अशी सूचना अ‍ॅप उघडताना एकदा दाखवून ही जबाबदारी संपत नाही. ती सूचना वाचायला कोणी थांबत नाही, आणि वाचली तरी मागे सरकताना ती आठवत नाही.

जगाला याचा अनुभव 2016 मध्ये पोकेमॉन गो या खेळाने दिला. त्यात फोनच्या नकाशावर खऱ्याखुऱ्या जागी दिसणारे काल्पनिक प्राणी प्रत्यक्ष तिथे चालत जाऊन पकडायचे असतात. खेळ जुलैमध्ये आला आणि त्याच महिन्यात कॅलिफोर्नियात एन्सिनिटस येथे खेळता खेळता दोन जण समुद्राकाठच्या कड्यावरून पडून जखमी झाले. बोस्नियामध्ये युद्धकाळातले भूसुरुंग अजून पेरलेलेच असलेल्या भागांत खेळाडू शिरत असल्याने तिथल्या एका स्वयंसेवी संस्थेला इशारा द्यावा लागला. वॉशिंग्टनच्या हॉलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या नरसंहाराच्या, स्मृतिसंग्रहालयाने आपल्या आवारात हा खेळ खेळू नका, असे लोकांना सांगितले आणि हिरोशिमा शहराने 6 ऑगस्टच्या स्मृतिदिनाआधी शांती उद्यानातून खेळाची ठिकाणे काढायला लावली. आपल्याकडे गुजरात उच्च न्यायालयात याविरुद्ध जनहित याचिका दाखल झाली होती, कारण प्रार्थनास्थळांच्या जागी खेळातली अंडी दिसत होती. या सगळ्या घटनांमध्ये प्रोग्रॅम ठरल्याप्रमाणेच चालत होता. चुकली होती ती रचना, कारण नकाशावरच्या प्रत्येक बिंदूला तिने सारखेच मानले होते. कडा, सुरुंगांची जमीन, स्मशानशांततेची जागा आणि बाजारातला चौक यांत तिला फरक करता येत नव्हता.

गडावर हा फरक पावलोपावली आहे. रायगडावर महाराजांच्या समाधीसमोर फोन वर धरून पाहण्यासारखे काही नसावे, असे माझे ठाम मत आहे. तिथे अ‍ॅपने आपण होऊन गप्प बसावे. राजसदरेवर निदान सुरुवातीला, वेगळ्या कारणाने, गप्प बसावे. नगारखान्याच्या दारात बोललेले सिंहासनाच्या चौथऱ्यापर्यंत ऐकू जाते, हे गडावर जाणारी पोरेटोरेही करून बघतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो तो कोणत्याही त्रिमितीय मॉडेलने येणार नाही. अशा जागी अ‍ॅपचे पहिले काम इतकेच की, «फोन खिशात ठेवा, एकाने दारात उभे राहा, दुसऱ्याने इथे थांबून ऐका» एवढे सांगावे. उलट बाजारपेठेत दोन्ही बाजूंना दुकानांची नुसती जोती उरली आहेत, वाट रुंद आहे, पायाखाली बरीच सपाटी आहे आणि वर काय असेल याचे कुतूहल प्रत्येकाला वाटते. तिथे एआरचा उपयोग खराखुरा आहे. कुठे दाखवायचे याइतकेच कुठे दाखवायचे नाही हेही गडाच्या नकाशावर आधी आखले जायला हवे, आणि ते आखताना पुरातत्त्व खात्याचे लोक, गडावर रोज वावरणारे वाटाडे आणि पायथ्याच्या गावकऱ्यांना सोबत घ्यायला हवे. कोणत्या दगडावर पावसाळ्यात पाय घसरतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

आता थोडे तंत्राबद्दल. फोनला आपण कुठे आहोत हे दोन प्रकारे कळते. एक, उपग्रहांवरून : उघड्या आकाशाखाली साध्या फोनची ही अचूकता साधारण पाच मीटरची असते, म्हणजे वाड्याची भिंत जोत्यावर येण्याऐवजी शेजारच्या टाक्यात उभी राहू शकते. तोंड कोणत्या दिशेला आहे हे फोन आतल्या होकायंत्रावरून ठरवतो आणि तोफेजवळ किंवा लोखंडी कठड्याजवळ ते होकायंत्र चळते. दुसरा मार्ग कॅमेऱ्याचा : समोरच्या दृश्यातल्या ठळक खुणा, कोपरे, डाग, सांधे फोन टिपतो, हाताच्या हालचालीची नोंद घेणाऱ्या संवेदकांशी त्यांची सांगड घालतो आणि त्यावरून मॉडेल जागेवर खिळवून ठेवतो. कोरड्या उन्हात दगडी तटबंदीवर हे छान चालते. पण आपल्याकडे लोक गडावर सर्वाधिक जातात ते पावसाळ्यात. ओला काळा कातळ चकाकतो, धुक्यात कॅमेऱ्याला पांढऱ्या पडद्याशिवाय काही दिसत नाही, आणि मॉडेल तरंगू लागते, सरकते किंवा नाहीसे होते. वर पडद्यावर पावसाचे थेंब पडले की बोटाचा स्पर्शही नीट कळत नाही. शहरांतल्या रस्त्यांवर गुगलने रस्त्यांच्या छायाचित्रांच्या आधारे जागा अचूक ओळखण्याची सोय केली आहे, पण ती जिथे अशी छायाचित्रे घेतलेली असतात तिथेच उपयोगी पडते. गडाच्या पायवाटांवर तिचा भरवसा धरता येणार नाही.

यावर उपाय आहेत आणि ते महागडेही नाहीत. माझ्या मते सर्वांत चांगला उपाय म्हणजे ठरावीक थांबे. गडावर मोजक्या, पाठीमागे भिंत किंवा भक्कम कठडा असलेल्या सपाट जागा निवडाव्यात, तिथे खात्याच्या परवानगीने जुन्या दगडाला धक्का न लावता उभा केलेला एक छोटा फलक असावा, आणि त्या फलकावरचे चित्र कॅमेऱ्याने ओळखले की फोनला आपली जागा आणि दिशा दोन्ही अचूक कळावीत. मग माणसाला मागे सरकावेच लागत नाही, कारण इमारत पूर्ण मावेल एवढ्या अंतरावरच थांबा निवडलेला असतो. चालू लागताच चित्र आपोआप मिटावे. गुगल मॅप्सच्या लाइव्ह व्ह्यू या सोयीत हा विचार केलेला दिसतो. 2019 पासून उपलब्ध असलेल्या या सोयीत फोन समोर धरला की रस्त्यावर बाण दिसतात आणि फोन खाली केला की नेहमीचा नकाशा येतो, म्हणजे वळण कळण्यापुरते वर बघायचे आणि मग समोर बघत चालायचे. शहरातल्या फुटपाथवर जी काळजी घेतली जाते ती गडाच्या पायऱ्यांवर घेतली जाऊ नये, याला काही कारण नाही.

थांब्यावरसुद्धा फार वेळ दाखवू नये. फोन समोर धरून उभे राहिले की मिनिटाभरात खांदे भरून येतात. रायगडाच्या हजारावर पायऱ्या चढून आलेल्या माणसाचे तर आधीच हातपाय भरलेले असतात. दुपारच्या उन्हात प्रकाश लाखभर लक्सच्या घरात असतो, घरातल्या उजेडाच्या शेकडो पट, आणि त्या उजेडात फोनचा पडदा काळपट दिसतो. कॅमेरा, संवेदक आणि चित्रे रेखाटणारी चिप एकाच वेळी राबत असल्याने फोन तापतो आणि तापला की आपला पडदा आणखी मंद करतो. बॅटरी भराभर उतरते, आणि गडावर बॅटरी संपणे म्हणजे अडचणीत फोन लावायची सोय संपणे. म्हणून दृश्य अर्ध्या मिनिटाचे असावे आणि बाकीची गोष्ट आवाजात सांगावी, फोन खिशात असताना, कानात, चालता चालता किंवा टाक्याच्या काठी बसून ऐकता येईल अशी. ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसते, त्यांनाही मग गडाची गोष्ट इतरांइतकीच मिळेल. संपूर्ण मजकूर आणि मॉडेले पायथ्याशी, पाचाडसारख्या गावात, रेंज असतानाच उतरवून घेता यावीत. वर गेल्यावर «इंटरनेट तपासा» असा संदेश देणारे अ‍ॅप गडासाठी केलेलेच नसते. आणि ज्यांच्या फोनला एआर झेपत नाही, असे फोन आपल्याकडे भरपूर आहेत, त्यांना तेच दृश्य साध्या चित्ररूपात दिसावे. «आपला फोन चालणार नाही» असे सांगून कोणाला दारातूनच परत पाठवू नये.

मराठी अक्षरांचा प्रश्न मी थोडा रेंगाळून मांडतो, कारण तो बैठकीत कधीच निघत नाही. कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या दगडी भिंतीवर मजकूर उमटवला की इंग्रजी अक्षरे निदान आकाराने सुटी उरतात. देवनागरीत शिरोरेघ दगडांच्या आडव्या सांध्यांत मिसळते, मात्रा आणि अनुस्वार जांभ्याच्या खड्ड्यांमध्ये हरवतात, आणि दोन ओळींतले अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलेले असले तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर चढतात. «शिवनेरी» वाचता येते, पण «दुर्गस्थापत्य» हा एकच शब्द जोडाक्षरांमुळे डागासारखा दिसतो. त्यासाठी अक्षरांमागे गडद पट्टी हवी, अक्षरे मोठी आणि जाड हवीत, ओळींत मोकळी जागा हवी, आणि एका वेळी फार तर दोन छोटी वाक्ये हवीत. हे काम अनुवादकाकडे शेवटच्या आठवड्यात मजकूर पाठवून होत नाही. मराठी धरूनच पडदा आखावा लागतो आणि मग इतर भाषा त्यात बसवाव्या लागतात.

आता या पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. रायगडावरचे वाडे 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यात लागलेल्या आगीत जळाले. लाकूडकाम गेले, जोती राहिली. वरचे मजले, खांब, छपरे, रंग नेमके कसे होते याचा पुरावा थोडा आहे आणि तो सगळीकडे सारखा नाही. एआरमध्ये मात्र सगळे सारख्याच ठामपणे उभे राहते. पडद्यावर उन्हाची सावली पडलेली, नक्षीदार खांबांची सदर दिसली की पाहणारा शाळकरी मुलगा ती खरी मानतो आणि पुढे आयुष्यभर तशीच आठवतो. पुस्तकातल्या चित्राला निदान चौकट असते. इथे चित्र त्याच दगडावर, त्याच उन्हात उभे असते, म्हणून त्याचा ठसा जास्त खोल. सांस्कृतिक वारशाच्या संगणकीय पुनर्रचनेसाठी 2009 मध्ये लंडन चार्टर या नावाने जी आंतरराष्ट्रीय तत्त्वे मांडली गेली, त्यांत पुरावा कोणता आणि तर्क कोणता हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे असा आग्रह आहे. तो इथे अक्षरशः पाळता येतो. उरलेले दगड जसेच्या तसे, पुराव्यावर आधारलेला भाग भरीव आणि अंदाजाचा भाग नुसत्या रेषांनी, असे तीन प्रकार ठेवले की कोणालाही ते समजतात.

पुरावा जिथे आहे तिथे तो किती रसाळ असतो याचे एक उदाहरण देतो. 1674 च्या राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रजांचा वकील, म्हणजे दूत, हजर होता. सिंहासनाच्या एका बाजूला भाल्यांवर लावलेली मोठ्या दातांच्या माशांची सोनेरी मस्तके, दुसऱ्या बाजूला घोड्यांच्या शेपट्या आणि न्यायाचे चिन्ह म्हणून भाल्याच्या टोकावर समतोल राहिलेला सोन्याचा तराजू, हे त्याने पाहून लिहून ठेवले आहे. राजसदरेच्या थांब्यावर, दारातला आवाज ऐकून झाल्यावर, एवढीच चिन्हे, ऑक्झेंडनने सांगितल्या जागी, थोडा वेळ दिसावीत आणि ती कोणी पाहिली, केव्हा पाहिली हे आवाजात सांगावे. कल्पनेने भरलेला सगळा दरबार, हलणारी माणसे आणि पार्श्वसंगीत यांपेक्षा त्या तराजूची आठवण मुलांच्या मनात जास्त टिकेल, अशी माझी खात्री आहे.

कॅमेऱ्याच्या परवानगीबद्दल थोडक्यात. एआरचे अ‍ॅप सुरू असताना आजूबाजूचे लोकही कॅमेऱ्यात येतात, त्यात शाळेच्या सहलीची मुले असतात. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे. त्यामुळे दृश्य फोनमध्येच वापरून टाकून द्यावे, कुठेही साठवू किंवा पाठवू नये, आणि कॅमेरा, जागा यांची परवानगी अ‍ॅप उघडल्या उघडल्या न मागता पहिल्या थांब्यावर, कशासाठी ते मराठीत सांगून मागावी. वापरासाठी फोन नंबर मागण्याचे तर कारणच दिसत नाही.

हे सगळे होणे न होणे निविदेच्या कागदावर ठरते. निविदेत मॉडेलांची संख्या, सोयींची यादी आणि भाषांची संख्या लिहिली की कंत्राटदार तेवढेच मोजून देतो, कारण देयक त्यावरच निघते. म्हणून शासनाला आणि गडांच्या संवर्धनाशी संबंधित सर्व यंत्रणांना माझी विनंती आहे की अशा कोणत्याही अ‍ॅपच्या निविदेत प्रत्यक्ष गडावरच्या चाचण्यांची अट घालावी आणि देयकाचा मोठा हिस्सा त्या चाचण्यांशी बांधावा. एक चाचणी मे महिन्यातल्या दुपारी, एक श्रावणात पावसात. फोन स्वस्तातला आणि दोन-तीन वर्षे जुना. वापरणाऱ्यांत पासष्टीच्या पुढच्या स्त्रिया, पहिल्यांदाच गड चढणारे, दहा-बारा वर्षांची मुले आणि कमी दिसणारी माणसे असावीत. बघायचे ते एवढेच : माणूस किती वेळा मागे सरकला, नजर जमिनीवर किती राहिली, मजकूर न विचारता वाचता आला का, आणि खाली उतरल्यावर त्याला गडाबद्दल काय सांगता आले. चाचणीचा अहवाल मराठीत सर्वांना वाचायला खुला ठेवावा आणि त्यात सापडलेल्या त्रुटी दूर झाल्याखेरीज उद्घाटनाची तारीख ठरवू नये. पहिला प्रयोग एकाच गडावर, मोजक्या थांब्यांवर करावा. त्यासाठी मी लोहगड सुचवेन, कारण त्याची वाट तुलनेने सोपी आहे, पुण्या-मुंबईहून सर्व वयाचे लोक तिथे जातात आणि पावसाळ्यातली गर्दी व धुके दोन्ही तिथे तपासता येतात. आमच्यासारखे शिक्षक आणि विद्यार्थी या चाचण्यांसाठी विनामूल्य वेळ द्यायला तयार आहेत.

आपला,
डिझाइनचा एक अध्यापक, पुणे